पाण्याखालचे घड्याळ

पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी केलेली घड्याळे दुकानात मांडलेली असली, म्हणजे नारिंगी तबकडीचे घड्याळ चटकन डोळ्यांत भरते. पाण्यातही ते असेच झळकेल, असे आम्हीही समजत होतो. पण दुकानातला उजेड निराळा आणि समुद्रातला निराळा.

पाणी सूर्यप्रकाशातले सगळे रंग सारखे शोषून घेत नाही. तांबडा पहिल्या पाच-दहा मीटरांतच फिका पडतो. मागोमाग नारिंगी, मग पिवळा. स्वच्छ समुद्रात सर्वांत खोल पोहोचतो तो निळा. मालवणसारख्या किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात मात्र निळाही अडतो व हिरवट उजेड तेवढा उरतो. फ्रान्सचे सागरसंशोधक कूस्टो यांच्या सोबत्याने खोल पाण्यात एक मासा भाल्याने टिपला, तर त्याचे रक्त हिरवे दिसले! वर येता येता तेच तपकिरी आणि शेवटी लाल झाले.

मग तबकडी वाचायची कशी? येथे प्रश्न हौसेचा नाही. खाली किती मिनिटे झाली यावर शिल्लक हवेचा आणि वर येण्याच्या वेगाचा हिशेब चालतो. तो चुकला तर रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो, प्रसंगी प्राणासही मुकतो. म्हणूनच या घड्याळांचे बाहेरचे कडे एकाच दिशेने फिरते. धक्का लागून ते सरकलेच, तर गेलेला वेळ जास्त दाखवील, कमी नव्हे.

1953 साली ब्लांपँ कंपनीने फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळ केले, त्याची तबकडी काळी आणि खुणा ठळक, फिक्या. काळ्यावर पांढरे, रंग गेला तरी हा भेद जात नाही. 1967 साली डोक्सा कंपनीने नारिंगी तबकडी आणली. उथळ पाण्यात ती उजळ दिसते, खोलवर मळकट होते. परंतु तिच्यावरचा मिनिटकाटा मुद्दाम मोठा व तासकाटा अगदी लहान ठेवला आहे, आणि आमच्या मते खरे शहाणपण रंगापेक्षा त्यात आहे.

अंधारात तर रंगाचा प्रश्नच उरत नाही. तेथे काट्यांवरचा चमकणारा लेपच कामाचा. पूर्वी तो घातक रेडियमचा असे, आता उजेड साठवून मंद हिरवा वा निळसर प्रकाश देणाऱ्या निर्धोक द्रव्याचा असतो.