गुडघा उघडण्याच्या तीन वाटा आणि मोजायचं कधी?

गुडघा बदलताना सर्जन सांध्यापर्यंत कुठून पोचतो? मिडियल पॅरापटेलर या रुळलेल्या पद्धतीत मांडीच्या पुढच्या स्नायूच्या, म्हणजे क्वाड्रिसेप्सच्या, कंडऱ्याला छेद देऊन वाटी बाजूला सारतात. मिडव्हास्टसमध्ये त्याच स्नायूच्या आतल्या भागाचे तंतू फाकवतात. सबव्हास्टसमध्ये तो भाग न कापता खालून उचलतात.

मग चांगली कोणती? आधी विचारा, मोजलं कधी? सबव्हास्टसनंतर पाय सरळ उचलणं लवकर जमतं, असं अनेक चाचण्यांत दिसलंय. वर्षभराने मात्र फरक जवळजवळ उरत नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी मोजलं तर ‘फरक आहे’, वर्षाने मोजलं तर ‘फरक नाही’. दोन्ही खरंच!

पेणकरपाड्यात लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना पहिले पंधरा दिवसही तितकेच मोलाचे. म्हणून मुख्य निष्कर्ष कोणता आणि तो कधी मोजायचा, हे पहिला रुग्ण घेण्याआधीच ठरवा आणि सीटीआरआयवर नोंदवा.

दुसरा सापळा निवडीचा. स्थूल रुग्ण किंवा ताठरलेला गुडघा असेल तर बरेच सर्जन सबव्हास्टस टाळतात. नुसत्या जुन्या फाइली काढून तुलना केली, तर सोपे रुग्ण एकाच बाजूला जमतात. म्हणून रँडमायझेशन हवं.

एक सोय आहे बरं का: त्वचेवरचा छेद तिन्हींत सारखाच ठेवता येतो. त्यामुळे पद्धत कोणती, हे रुग्णाला आणि मोजणाऱ्या फिजिओला कळू न देणं शक्य असतं. ही सोय सोडू नका.