वॉकर नको, जमीन द्या

बाळ आठ महिन्यांचं झालं की घरात वॉकर येतो. कुणाचा मामा देतो, कुणाची आत्या डहाणूच्या बाजारातून आणते. मसोलीच्या वस्तीत घरभेटीला गेलो की आया सांगतात, "यानं लवकर चालेल." चालत नाही, ताई. वॉकरमध्ये बाळ चवड्यांवर जोर देऊन नुसतं ढकलत राहतं. खांदे, पाठ, हात यांना काम मिळत नाही. शिवाय उंबऱ्यावरून उलटलं की डोक्यालाच मार. कॅनडानं २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

रांगायला लागते ती जमीन. खोली दहा बाय दहाची असली तरी गोधडीएवढी जागा निघते. बाळ जागं असताना त्याला पालथं टाका, पण दूध पाजल्या पाजल्या नको. दोन मिनिटांत रडलं तर उचला, थोड्या वेळानं पुन्हा टाका. समोर, हात जेमतेम पोचेल अशी वाटी ठेवा. गुडघे उघडे असू द्या, लादीवर कपडा सरकतो. आणि कामावरून आलेल्या बाबांनीही दहा मिनिटं खाली लोळावं. ते काही फक्त आईचं काम नाही. झोपवताना मात्र बाळ उताणंच.

आता घर बाळाच्या उंचीवरून बघा. बादलीत वीतभर पाणी असलं तरी डोक्यावर पडलेलं बाळ बुडू शकतं. बादली रिकामी करून पालथी घाला. रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत नको. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, फुगे घरोघर असतात. फाटक्या फुग्याचा तुकडा घशात चिकटला तर श्वास बंद. गंडेदोरे आपण सोडले, पण हौसेचे काळे मणी अजून दिसतात. दोरा तुटला की मणी थेट तोंडात.

शेजारणीचं रांगलं, आपलं नाही, म्हणून झुरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या बाळांची पाहणी करून २००६ साली सांगितलं, की रांगणं सव्वापाच ते साडेतेरा महिन्यांत कधीही येतं. शंभरात चारएक निरोगी बाळं तर न रांगताच उभी राहतात.

थांबू नये ते वेगळ्या खुणांसाठी: नेहमी एकच बाजू ओढत सरकणं, हातपाय ताठ किंवा लुळे, नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय न बसणं, येत असलेलं बंद होणं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते, आशाताईही घरी येते. तेव्हाच विचारा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं, पुढचे उपचारही मोफत असतात. "बापही उशिराच चालला होता" म्हणून आजीनं अडवलं, तर आजीलाही सोबत न्या.