जमाव काय म्हणाला?

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतली माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन चढली. जंगलचा कायदा मोडायचा, लाकूड तोडायचे, एवढेच ठरले होते. बंदोबस्ताला पोलीस होते आणि पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी होते. गोळीबार झाला. आठ गावकरी गेले, आणि मामलेदार जोशीही त्याच गोंधळात प्राणास मुकले. हुतात्म्यांच्या यादीतली नावे वाचली तर त्या दिवशी डोंगरावर कोण कोण होते याची कल्पना येते : धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी. एरवी एका पंगतीला न बसणारी माणसे एका चढणीला लागली होती. पुढे खटला उभा राहिला, तेव्हा आरोपींच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरही उभे राहिले.

आज आपल्याकडे त्या दिवसाचे काय काय आहे? आठ नावे आहेत, गावात हुतात्मा स्मारक आहे, दरवर्षी २५ सप्टेंबरला पोलिसांची मानवंदना आहे. चढताना ही माणसे आपसात काय बोलत होती, ते मात्र नाही. परत फिरू या, असे कोणी म्हणाले का? मामलेदारांना पाहून कोणी कोणाला काय खुणावले? कागदोपत्री ती माणसे म्हणजे ‘जमाव’. जमाव चालून येतो, जमाव पांगतो, जमाव हिंसक होतो. जमाव बोलत नाही.

कायद्याने मात्र जमावाला मन दिले आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या १४१व्या कलमाप्रमाणे पाच किंवा अधिक माणसे बेकायदा उद्देशाने जमली की तो ‘बेकायदा जमाव’. आणि १४९व्या कलमाप्रमाणे त्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला तर तो सगळ्यांनी केला. नव्या न्यायसंहितेत कलमांचे आकडे १८९ आणि १९० झाले, कल्पना तीच राहिली. पाच डोकी एकत्र आली की त्यांचा एक हेतू होतो, असे गृहीत धरणारा हा सिद्धांत तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहजी मान्य झाला नसता. फौजदारी कोर्टात तो दीडशे वर्षांहून अधिक काळ बिनबोभाट चालू आहे.

हाच प्रश्न अथेन्सच्या लोकांपुढे उलट्या बाजूने आला होता. इ. स. पू. ४०६मध्ये आर्गिनुसाईची आरमारी लढाई त्यांनी जिंकली, पण बुडत्या जहाजांवरच्या माणसांना वादळामुळे वाचवता आले नाही. शहर शोकात होते. आठ सेनापतींना एकाच मतदानात दोषी ठरवावे, असा ठराव आला. प्रत्येकाचा वेगळा न्याय करा, कायदा तसेच सांगतो, असे काहींनी म्हटले. त्यावर सभेत आरडाओरडा झाला की लोकांना हवे ते करू न देणे हाच मोठा अनाचार आहे. झेनोफनने हे लिहून ठेवले आहे. सभेचे काम चालवणाऱ्या मंडळात सॉक्रेटीस होता. बाकीचे घाबरून गप्प बसले, तो बधला नाही. अथेन्समध्ये हजर असलेल्या सहा सेनापतींना मारले गेले आणि पुढे लोकांना पश्चात्ताप झाला. आरोपींची मोट बांधली होती, आणि न्याय देणाऱ्यांचीही.

प्राचीन ग्रीक आणि लॅटिन लेखक गर्दीचे भक्त होते, असे समजू नये. बहुतेकांना तिचा तिटकाराच होता. सभेत, नाट्यगृहात लोक एकत्र बसून ओरडू लागले की खडकांवरून तो घोष दुप्पट होऊन येतो आणि त्यात कोवळ्या पोराचे शिक्षण वाहून जाते, असे प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये लिहिले आहे. अ‍ॅरिस्टॉटल जरा उदार. वर्गणी काढून केलेले जेवण एकाच्या खर्चाने झालेल्या जेवणापेक्षा सरस होऊ शकते, तसे सामान्य माणसांचे एकत्रित शहाणपण थोड्या थोरांच्या शहाणपणापेक्षा सरस ठरू शकते, असे तो म्हणतो. पण लगेच पुस्ती जोडतो की हे प्रत्येक समुदायाला लागू होईलच असे नाही, नाहीतर ते जनावरांच्या कळपालाही लागू करावे लागेल. तिटकारा असो वा औदार्य, या लेखकांनी एक गोष्ट सोडली नाही. गर्दीला त्यांनी बोलते केले.

सुरुवात होमरपासून. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात अगामेम्नन सैन्याची परीक्षा पाहायला म्हणतो की नऊ वर्षे झाली, चला घरी. सैन्य खरेच उठते आणि धुरळा उडवत जहाजांकडे पळत सुटते. ओडिसियस राजदंड घेऊन त्यांना वळवतो : सरदारांशी गोड बोलतो, साध्या शिपायाच्या पाठीत दंडा घालतो. मग थर्सायटीस उठतो. फेंगडा, एका पायाने लंगडा, खांदे पुढे आलेले, टोकदार डोक्यावर चार केस. इतके बारीक वर्णन होमरने दुसऱ्या कुठल्या शिपायाचे केलेले नाही. हा म्हणतो ते खरे आहे : लढायचे आम्ही, लूट तुमची. ओडिसियस त्याच्या पाठीवर दंडा मारतो, वळ उठतो, डोळ्यांतून पाणी येते. आणि सैन्य हसते. होमर सांगतो की ती माणसे मनातून दुःखी होती, तरी हसली. मग कुणीतरी शेजाऱ्याकडे बघून म्हणतो की ओडिसियसने आजवर पुष्कळ चांगली कामे केली, पण हे सगळ्यांत बेस.

तो ‘कुणीतरी’ मला थर्सायटीसपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. होमर ठिकठिकाणी त्याला आणतो. त्याला नाव नाही, गाव नाही, पण वाक्य आहे, आणि ते नेहमी शेजाऱ्याशी बोललेले असते. आपले म्हणणे मांडणाऱ्याला मार बसला म्हणून खूश होणारी, मनातून तरीही कष्टी असलेली गर्दी कुठल्याही पंचायत समितीच्या आवारात पाहायला मिळते. तिचे वाक्य टिपून ठेवायला मात्र होमर लागतो.

थुसिडिडीजने एक पाऊल पुढे टाकले. इ. स. पू. ४२८मध्ये लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनीने अथेन्सविरुद्ध बंड केले, ते पुढच्या वर्षी मोडले. संतापाच्या भरात अथेन्सच्या सभेने ठरवले की तिथले सगळे प्रौढ पुरुष मारायचे, बायका-मुलांना गुलाम करायचे. हुकूम घेऊन जहाज त्याच दिवशी निघाले. रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनाच आपला निर्णय भयंकर वाटू लागला. पुन्हा सभा भरली. क्लिऑन म्हणाला, ठरले ते ठरले. डायोडोटसने दयेचा शब्दही न काढता फायद्या-तोट्याची भाषा केली. रागावलेल्या लोकांना दया शिकवायला गेलो तर ऐकणार नाहीत, हे त्याला कळत होते. हात वर झाले. मते जवळजवळ बरोबरीची. डायोडोटसची बाजू थोडक्यात निभावली.

आता दुसरे जहाज पहिल्याच्या मागे साधारण एक दिवस आणि एक रात्र. मिटिलिनीच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांना दारू आणि सातूचे पीठ पुरवले, वेळेत पोहोचलात तर बक्षीस देऊ म्हणून सांगितले. ते पीठ दारू आणि तेलात कालवून वल्हवता वल्हवताच खाल्ले गेले. पाळीपाळीने झोपायचे, बाकीच्यांनी वल्हवायचे. वाराही आडवा आला नाही. आणि थुसिडिडीज जाता जाता सांगतो की पहिले जहाज सावकाश चालले होते, कारण त्याचे काम ओंगळ होते. पहिल्या जहाजातल्या एकाही माणसाने हुकूम मोडला नाही. कुणी भाषण केले नाही. तरी त्यांच्या हातांनी वेग धरला नाही. हुकूमनामा वाचून झाला होता, अंमल व्हायचा होता, तेवढ्यात दुसरे जहाज पोहोचले. सामूहिक भावना म्हणजे काय, हे वल्ह्यांच्या गतीवरून सांगणारा दुसरा इतिहासकार मला ठाऊक नाही. ही कथा गोड करून सांगायची तर इथेच थांबावे लागेल. थुसिडिडीज थांबत नाही. बंडाचे म्होरके म्हणून हजारावर माणसे नंतर मारली गेली, हेही तो लिहितो.

शहराचा शोक रंगमंचावर आणावा की नाही, यावरही अथेन्सचे म्हणणे ठाम होते. इ. स. पू. ४९४मध्ये इराण्यांनी मायलीटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केले. फ्रिनिकसने त्यावर नाटक लावले, तेव्हा सगळे नाट्यगृह ढसाढसा रडले. हिरोडोटस सांगतो की घरचेच दुःख उगाळल्याबद्दल नाटककाराला हजार द्राख्मा दंड झाला आणि ते नाटक पुन्हा कोणी करायचे नाही असे ठरले. इ. स. पू. ४७२मध्ये एस्किलसने ‘पर्शियन्स’ केले. त्यात रडतात ते शत्रूच्या दरबारातले म्हातारे, आणि हा म्हाताऱ्यांचा कोरस नाटकभर रंगमंचावरून हलत नाही. पाहणाऱ्यांत सालामिसला इराण्यांशी लढलेले लोक होते. पहिले बक्षीस त्याच नाटकाला. आपले दुःख सोसवत नाही, शत्रूचे दुःख मात्र आठच वर्षांत पाहवते, यातून जो काही निष्कर्ष निघतो तो मला फारसा सुखावह वाटत नाही.

मराठीत कोरसचा विचार आला विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेल्या अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातून. पण रंगमंचावर तो खरा उभा राहिला १९७२च्या डिसेंबरात पुण्याला, ‘घाशीराम कोतवाल’मध्ये. तेंडुलकरांनी आणि जब्बार पटेलांनी माणसांचीच भिंत केली. ती भिंत गाते, नाचते, पाठ फिरवून कानाडोळा करते, आणि शेवटी तीच घाशीरामच्या रक्ताला उठते. कोरसला एक पात्र मानावे, असे अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले होते. तेंडुलकरांनी त्याला आरोपी केले.

रोमन लेखकांकडे वळले की सूर बदलतो. व्हर्जिलच्या ‘इनिड’मध्ये समुद्रदेव वादळ शमवतो, तेव्हा कवीला दंगल शांत करणारा एक वजनदार गृहस्थ आठवतो : त्याला पाहताच दगड हाती घेतलेले लोक गप्प होऊन कान टवकारतात. निसर्गाला राजकारणाची उपमा, आणि गर्दी म्हणजे वादळ. सरकारी अहवालांना ही उपमा फार आवडली असती.

टॅसिटसही वरून वरून तसाच. इ. स. १४मध्ये ऑगस्टस वारला आणि पॅनोनियातल्या तीन पलटणींनी बंड केले. त्यांचा पुढारी पर्सेनियस हा पूर्वी नाट्यगृहात टाळ्या-शिट्ट्या घडवून आणणाऱ्या टोळ्यांचा म्होरक्या होता. व्हिब्युलेनस नावाचा शिपाई भावाचा खून झाला म्हणून छाती बडवतो, सगळी छावणी पेटते, आणि मग कळते की त्याला भाऊच नव्हता. पण पर्सेनियसच्या तोंडी टॅसिटस जे भाषण घालतो ते ऐकण्यासारखे आहे : तीस-चाळीस वर्षे नोकरी, दिवसाला दहा आसचा पगार, त्यातूनच कपडे, हत्यारे, तंबू आणि सेंच्युरियनला चिरीमिरी. आणि शेवटी जमीन म्हणून मिळते ती दलदल नाहीतर डोंगरातली पडीक. एरिख आउअरबाखने ‘मिमेसिस’मध्ये यावर बोट ठेवले आहे की शिपायाच्या खऱ्या तक्रारी टॅसिटस एका नालायकाच्या तोंडी, स्वतःच्या घासूनपुसून काढलेल्या भाषेत घालतो. खरे आहे. तरी ती दलदल दोन हजार वर्षे टिकली, ते त्या भाषणामुळेच.

बंडाच्या रात्री चंद्राला ग्रहण लागले. शिपायांनी भांडी-कर्णे वाजवायला सुरुवात केली. उजेड वाढला की आनंद, अंधारला की रडारड. ढग आले तेव्हा धीर सुटला. ‘दे दान, सुटे गिराण’ ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. नव्या सम्राटाचा मुलगा ड्रूसस याने त्या भीतीचा फायदा घेऊन बंड मोडले.

जमीन या एका गोष्टीने मी पनवेलकडे परत येतो. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पंचाण्णव गावांची भातखाचरे, मिठागरे जायची होती. सांगितले जाई ते असे की मुंबई गुदमरते आहे, सर्वांच्या हितासाठी तुम्ही सोसा. हाच युक्तिवाद रोमन इतिहासकार लिव्हीच्या दुसऱ्या पुस्तकात भेटतो. तिथे कर्जाला कंटाळलेले रोमचे सामान्य लोक शहर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसतात. त्यांना समजवायला गेलेला मेनेनियस अग्रिप्पा गोष्ट सांगतो : हातपाय पोटावर रुसले, पोटाला घास देईनात, आणि सगळेच शरीर वाळले. पोट खाते ते सगळ्यांसाठी. लिव्ही म्हणतो की गोष्टीने लोकांची मने वळली. पण पुढची ओळ वाचावी. लोक परतले ते स्वतःचे, हात लावता येणार नाही असे अधिकारी मिळवून, म्हणजे ट्रिब्यून. गोष्ट फुकट ऐकून कुणी खाली उतरले नाही.

जासईचे दि. बा. पाटील वकील होते, शेतकरी कामगार पक्षाचे होते, पनवेलमधून पाच वेळा आमदार झाले होते. पोटाची गोष्ट त्यांनी ऐकून घेतली नाही. जमिनींसाठी झालेल्या १६ आणि १७ जानेवारी १९८४च्या आंदोलनात गोळीबार झाला. चिर्ले, धुतुम आणि पागोटे या गावांतले पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. ट्रिब्यूनसारखेच तेही मागून मिळालेले नव्हते. १० जून २०२१ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून मानवी साखळी झाली, तेव्हा तिच्यात १९८४ची माणसे होती आणि त्यांची नातवंडे होती.

एकट्याची गोष्ट सांगायला सोपी असते. पनवेल तालुक्यातल्या शिरढोणला १८४५मध्ये जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे चरित्र आहे, नाट्यगृहाला नाव आहे. दि. बां.चेही चरित्र सांगता येते. जासईच्या रस्त्यावरच्या हजारोंचे काय करायचे, हे आपल्या लेखनाला अजून सुचलेले नाही. गंमत म्हणजे याच आगरी गावांत ‘आम्ही’ म्हणून बोलण्याची कला घराघरांत आहे. लग्नात धवलारीण धवला उचलते आणि बाकीच्या बाया तो झेलतात. देवाला आमंत्रण, हळद, नवरीची पाठवणी, सगळे त्या एका सामायिक आवाजात. रोमन कवी कातुलसने दोन कोरसांचे लग्नगीत लिहिले, एक मुलांचा, एक मुलींचा. तो आला असता तर मांडवात त्याला परके वाटले नसते.

१९८४ला विशी-पंचविशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. चिरनेरच्या साक्षीदारांपैकी आता कोणी नाही, यांच्यापैकी आहेत. त्यांना आजवर विचारले गेले ते गोळीबाराबद्दल, नेत्याबद्दल, मोबदल्याबद्दल. १५ जानेवारीच्या रात्री ओटीवर काय बोलणे झाले, कोण नको म्हणत होते, घरातून निघताना भाकरी कोणी बांधून दिली, रस्त्यात शेजारी चालणारा काय म्हणाला आणि त्यावर कोण हसले, हे विचारायला एक वही आणि थोडी सवड पुरते.