मेटल डिटेक्टर आणि भाद्रपदातला पाऊस

गणेशोत्सवात चेंबूरच्या टिळकनगरसारख्या गर्दीच्या ठिकाणी तपासणी करणाऱ्याच्या हातातला मेटल डिटेक्टर पावसातही राबतो. त्याच्या कॉइलमधला प्रत्यावर्ती प्रवाह बदलते चुंबकीय क्षेत्र तयार करतो. जवळच्या धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि यंत्र वाजते. आत ओल शिरली, की सेलचे संपर्क गंजतात, सर्किटमध्ये नको तिथून वीज झिरपते. मग यंत्र उगाच वाजते किंवा मुकेच राहते.

म्हणून खरेदीवेळी धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण सांगणारा आयपी क्रमांक पाहा. ६५ म्हणजे धूळबंद आणि पाण्याच्या झोतापासून सुरक्षित. ६७ म्हणजे धूळबंद आणि १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे सुरक्षित. भिजल्यास बंद करून सेल काढा, पुसा, सावलीत वाळवा. यंत्राच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. रोज ड्यूटीआधी धातूची ठरावीक वस्तू दाखवून चाचणी घ्या.