अग्नी किनाऱ्यावर, अक्षता बोटीवर

पहाटे ४.३०
दादरचा फूलबाजार. डिसेंबरचा पहिला आठवडा, लग्नसराई ऐन भरात. उजाडायच्या आत हार हातात पडले तरच पुढचा दिवस वेळेवर चालतो. हारांच्या दोन जोड्या हव्यात. सकाळच्या विधींना गुलाबाची, संध्याकाळी बोटीवर निशिगंधाची. डेकवरच्या वाऱ्यात गुलाबाच्या पाकळ्या टिकत नाहीत आणि बोटीवरून समुद्रात काहीही पडता कामा नये, फूलसुद्धा नाही. हारवाले दादा दुहेरी दोऱ्यात निशिगंध घट्ट ओवून देतात. मी तो ओल्या पंच्यात गुंडाळून थंड पेटीत ठेवते. मुंडावळ्या मोत्यांच्या घेतल्या आहेत, त्या दोन्ही वेळा चालतील.

६.००
गिरगाव, नवरीच्या इमारतीची गच्ची. चौतीस पाहुण्यांसाठी छोटा मांडव कालच बांधून झाला आहे. विटा, वाळू, समिधा, तूप, साळीच्या लाह्या, सप्तपदीच्या सात राशींसाठी तांदूळ, अश्मारोहणाला सहाण. यादी मी स्वतः गुरुजींसमोर बसून टिपून घेतली आहे.

लग्न गोव्याला जाणाऱ्या बोटीवर आहे आणि होम मात्र गच्चीवर, हे पाहुण्यांना आजही सांगावं लागतं. नवरीला सगळंच समुद्रात हवं होतं. पहिल्याच भेटीत मी तिला म्हटलं, बोटीवर उघडी ज्योत नाही. होम नाही, समई नाही, कापूर नाही, उदबत्तीही नाही. समुद्रात आग लागली तर पळून जायला जागा नसते, म्हणून या नियमाला अपवाद मागायचाच नसतो. केशरी रेशमी कापडाखाली पंखा आणि दिवा लावून खोटा अग्नी मांडून देणारेही आहेत. मी ते करत नाही. ज्याला साक्षी ठेवायचं तोच खोटा असेल, तर त्याच्याभोवती फिरण्यात अर्थ काय?

यात कायद्याचाही भाग आहे. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की रीतसर विधी झालेले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह होत नाही. म्हणजे सातवं पाऊल कुठे पडणार, हे आधी ठरवायचं. बाकीचं सगळं त्यानंतर.

“कॅप्टनच लग्न लावतो ना?” हा प्रश्न नवऱ्याच्या काकांनी आत्ताच, चहाचा कप हातात घेऊन विचारला. बोट कोणत्या देशात नोंदलेली आहे, त्यावर ते असतं. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या बोटीवर कॅप्टनला लग्न लावता येत नाही, बर्म्युडात नोंदलेल्या बोटीवर येतं. क्युनार्ड कंपनीने २०११मध्ये आपल्या तिन्ही मोठ्या बोटींची नोंदणी साउदॅम्प्टनहून बर्म्युडाच्या हॅमिल्टनला नेली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. आपल्याकडे लग्न गुरुजींसमोर, विधींनी लागतं. कॅप्टन संध्याकाळी येऊन आशीर्वाद देतील, तेवढं पुरे.

गोव्याला उतरून होम करावा, असंही एकदा निघालं होतं. गुरुजी म्हणाले, “ताई, अंतरपाट आज आणि लाजाहोम उद्या, मध्ये रात्र? मला नाही पटत.” मलाही नको होतं. गोव्याचा नागरी कायदा वेगळा आहे. तिथे निबंधकापुढे पहिली सही आणि काही दिवसांनी दुसरी, अशी पद्धत आहे. दोन दिवसांच्या सफरीवर आलेल्या घराला त्यात कशाला गुंतवायचं?

८.४२
मुहूर्त. अंतरपाट दूर झाला. इथे फक्त गुरुजींची मंगलाष्टकं. आत्या आणि मावशांनी रचलेली संध्याकाळसाठी राखून ठेवली आहेत. सातव्या राशीवर नवरीचं पाऊल पडलं तेव्हा मी घड्याळ पाहिलं, १० वाजून ५ मिनिटं. आता लग्न लागलं. यापुढे वारा सुटो, पाऊस येवो की बोटीला उशीर होवो, लग्नाला धक्का नाही. या एका गोष्टीने सगळ्या घराच्या मनावरचं ओझं उतरतं, आणि बोटीवरचा वेळ मग निव्वळ आनंदाला उरतो.

१०.२०
गुरुजींना पुढचं लग्न आहे, ते बोटीवर येत नाहीत. विवाह नोंदणीच्या ज्ञापनावर त्यांची सही आत्ताच, पाटावरून उठायच्या आत. तीन साक्षीदारांची कागदपत्रंही तपासून घेतली. महाराष्ट्रात लग्नापासून ९० दिवसांच्या आत नोंद करायची असते.

११.३०
सामान. बोटीच्या सुरक्षा कक्षाला सामानाची यादी आधीच पाठवली होती, तरी प्रत्येक पिशवी मी पुन्हा बघते. मावशींच्या पर्समधून काडेपेटी निघाली, आत्यांच्या डब्यातून बेसनाचे लाडू. बाहेरचं खाणं वर नेता येत नाही, म्हणून लाडू इथेच वाटून टाकले. इस्त्रीही नेता येत नाही. नऊवारी शिवलेली नाही, नेसायची आहे, म्हणून ती बोटीच्या लाँड्रीत आधी द्यायची, हे नोंदवून ठेवलं आहे.

तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं. नवरीचं तिकीट माहेरच्या नावाचं. सासूबाईंना सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. “काकू, आधार कार्डावर जे नाव तेच तिकिटावर, नाहीतर नवरी धक्क्यावर राहील,” असं सांगितल्यावर त्यांनी लगेच मान डोलावली.

१.००
बॅलार्ड पियर. नवरीचे आजोबा मोटारीतून उतरायला तयार नाहीत.

ते मूळचे रेवसकडचे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते. कोणाची वाट बघत ते किनाऱ्यावर उभे होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लग्न ठरलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “मी बोटीत बसत नाही.”

माझ्या कामात हा भाग मला सर्वांत मोठा वाटतो. फुलं, जेवण, फोटो यांची सोय पैशाने होते. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भीतीसकट सन्मानाने वर नेणं, हे मन लावूनच करावं लागतं. मी त्यांची घाई केली नाही. बोटीवरच्या गोवेकर सुरक्षा अधिकाऱ्याला खाली बोलावून घेतलं. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि तराफे किती, जॅकेट कुठे, कुठल्या शिडीने कुठे जायचं, हे मराठी-कोंकणीत सावकाश सांगू लागला. त्याचे वडील आणि आजोबाही तारवटी, म्हणजे बोटीवरच नोकरी केलेले, धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहात, राहून बोटीची वाट बघणारे. पंचवीस मिनिटं दोघांचं बोलणं चाललं. मग आजोबा काठी टेकत उठले.

त्यांची केबिन मी खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर आणि लिफ्टजवळ मागून घेतली होती. मध्यावर हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. खिडकीची वरची खोली ऐटीची असते, पण आजी-आजोबांना झोप लागणं महत्त्वाचं. नवऱ्याच्या वहिनी पाच महिन्यांच्या गरोदर आहेत. बहुतेक प्रवासी बोटी २४ आठवड्यांनंतर वर घेत नाहीत. जानेवारीचा मुहूर्त सोडून डिसेंबरचा धरला तो त्यांच्यासाठी.

३.३०
सुरक्षा कवायत. नवरीपासून आजीपर्यंत सगळ्यांनी ठरलेल्या जागी जायचं. २०१२मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रवासी बोट खडकावर आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५पासून कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. फोटोग्राफरला हा वेळ नवरा-नवरीसाठी हवा होता. मी ठाम नकार दिला. आजोबा रांगेत पहिले उभे होते, जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघत होते.

४.१५
मुदपाकखाना. इथली सगळी उपकरणं विजेवरची, त्यामुळे विस्तवावर फुगवलेला फुलका नाही, पुऱ्या आहेत. मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, पंचामृत, जिलबी, मठ्ठा. शेफ गोव्याचे, हात चांगला, पण अळूत ते गूळ कमी घालतात. चाखून बघितलं, चिंच-गूळ वाढवायला सांगितला. “ताई, आता बरोबर?” त्यांनी दुसऱ्यांदा चमचा पुढे केला. बरोबर होतं.

५.००
बोट सुटली. आता माझ्या हातात एक तास आहे. बंदरातून बाहेर पडेपर्यंत बोट हळू चालते. बोटीला बंदराबाहेर काढणारा वाटाड्या उतरून गेला की वेग वाढतो, आणि मग हवा पडलेली असली तरी बोटीच्या चालीनेच डेकवर वारा लागतो. पदर सावरत नाही, माइकमध्ये घोंघावतं, आजींना उभं राहवत नाही. म्हणून डेकवरचा सोहळा याच तासात बसवायचा. सूर्यास्त सहाच्या सुमारास आहे. गोरज मुहूर्ताची वेळ आणि बोटीच्या मंद चालीची वेळ आज जुळते आहे. अमुकच सफर घ्या म्हणून मी जो हट्ट धरला होता, तो याचसाठी. मागचा डेक, उपाहारगृहाच्या भिंतीचा आडोसा.

५.४०
अंतरपाट पुन्हा धरायचा नाही, हे गुरुजींनी सांगून ठेवलं आहे. नवरा-नवरी समोरासमोर नाहीत, शेजारी उभे आहेत. पायाखाली मोठी पांढरी चादर. आत्यांनी पहिलं मंगलाष्टक उचललं. शार्दूलविक्रीडितात, घरातल्या चार पिढ्यांची नावं गुंफलेलं, एका ओळीत मात्रा थोडी ओढून घेतलेली. कुलाबा उजव्या हाताला मागे पडत होता. प्राँग्ज दीपगृहाचा मनोरा उन्हात दिसत होता.

अक्षता उधळायच्या नाहीत, चादरीबाहेर दाणा जाता कामा नये. तेव्हा ठरवलं की प्रत्येकाने जवळ येऊन नवरा-नवरीच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने अक्षता ठेवायच्या. चौतीस माणसं होती म्हणून हे जमलं. मोठ्या कार्यालयात मागच्या रांगेतून फेकलेल्या अक्षता पुढच्यांच्या केसांत पडतात आणि टाकणाऱ्याचं लक्ष जेवणाच्या दाराकडे असतं. इथे प्रत्येक जण थांबला, काहीतरी बोलला. नवऱ्याचा शाळेतला मित्र बोलूच शकला नाही. आजोबांनी अक्षता ठेवल्या आणि नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे राहिले. मंगलाष्टकं संपली होती, मावशींनी आपणहून आणखी एक सुरू केलं. छोट्या लग्नाची बाजू मी नेहमी घेते ती यासाठी.

७.००
जेवण. मुलांनी पंगतीत वाढलं, तेवढी परवानगी मिळवली होती. डाव्या हाताला दूर खांदेरीचं दीपगृह लुकलुकत होतं. शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतलेला हा किल्ला २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, हे नवऱ्याच्या बाबांनी मुलांना सांगितलं. आजोबांनी हात लांबवून खांदेरीच्या मागे रेवस कुठे, ते दाखवलं. उखाणे झाले. वहिनींना मळमळलं, डॉक्टरांना विचारून आराम दिला.

८.१५
फोनची रेंज गेली. त्याआधी गोव्याचे सगळे फोन उरकले, फक्त बसवाल्याचा लागला नाही.

११.००
चादर झाडून अक्षता हाताने वेचून डब्यात भरल्या, आजींना त्या देवघरात ठेवायच्या आहेत. उद्या सकाळी मुरगाव. चौतीसपैकी एकोणतीस जण उतरून मंगेशीला जाणार, पाच जण बोटीवरच थांबणार. आजोबांनी आपलं नाव उतरणाऱ्यांत लिहायला लावलं आहे. रेंज आली की पहिला फोन बसवाल्याला. खालची पायरी कमी उंचीची असलेली गाडी हवी, आणि दाराशी धरायला दांडा हवा.