धिंगरी जेवते काय?

धिंगरी अळिंबीत प्रथिनं किती, असं कुणी विचारलं तर आधी उलट विचारावं: वाढवली कशावर? वाळवलेल्या धिंगरीत हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपासही सापडतं आणि 30 च्या पुढेही. जातीचा फरक असतोच, पण बेडमध्ये काय भरलं यावरही बरंच ठरतं. अळिंबीकडे हरितद्रव्य नाही. समोर असेल तेच तिचं जेवण.

विदर्भ-मराठवाड्यात हाताशी सोयाबीनचं कुटार, कोकणात भाताचा पेंढा. पीक पेंढ्यावरही छान येतं. पण कुटार शेंगवर्गीय पिकाचं, त्यात नत्र जास्त, आणि नत्राशिवाय प्रथिन बनत नाही. म्हणून प्रथिनांत बहुधा कुटारावरची धिंगरी सरस. बेड भरतानाची कसोटी मात्र दोन्हीकडे एकच. भिजवून, गरम पाण्यातून काढून निथळलेलं काड मुठीत आवळायचं. थेंब गळता कामा नये, तळवा तेवढा ओला लागला पाहिजे.

नत्रासाठी गव्हाचा कोंडा मिसळतात. थोडा चालतो. जास्त झाला की बेड आतून तापतो आणि हिरवी बुरशी धिंगरीच्या आधी पंगतीला बसते.

आता खरी गंमत. जंगलात धिंगरी मेलेल्या लाकडावर उगवते आणि लाकडात नत्र अगदीच कमी. ही तूट ती चक्क शिकार करून भरून काढते! तिचे तंतू सूत्रकृमींना विषाने लुळे करतात, त्यांच्या शरीरात शिरतात आणि त्यांना पचवून टाकतात. 1984 साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

काडातून अळिंबीत फक्त नत्रच उतरतं असं नाही. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम इतकं आहे, की तिथला चारा खाऊन जनावरांचे खूर तडकतात, केस गळतात. संशोधकांनी तिथल्याच गव्हाच्या काडावर अळिंबी घेतली, तर तिच्यात नेहमीपेक्षा कित्येक पट सेलेनियम उतरलं. गुरांना बाधणारं हे द्रव्य माणसाला अत्यल्प प्रमाणात लागतंच, म्हणून या प्रयोगाचं मोल मोठं. पण याच वाटेने कॅडमियम आणि पाराही आत येतात. अळिंबी कशावर वाढवली हे पाकिटावर छापलंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

पाकिटावरच्या प्रथिनांच्या आकड्याकडेही जरा नीट बघा. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्याला सहसा 6.25 ने गुणतात. अळिंबीतलं बरंच नत्र पेशीभित्तिकेतल्या कायटिनमध्ये असतं, त्यामुळे तिच्यासाठी 4.38 हा गुणक वापरतात. तिलाही 6.25 च लावला तर आकडा उगाच फुगतो.

ड जीवनसत्त्व मात्र कुटारातूनही येत नाही आणि पेंढ्यातूनही नाही. त्यासाठी ताजी अळिंबी चिरून, छत्रीखालच्या पापुद्र्यांची बाजू वर करून, दुपारच्या उन्हात ठेवायची. तिच्यातल्या एर्गोस्टेरॉलचं ड-2 तिथे ताटातच होतं.