दोन कार्यप्रणालींची वहिवाट

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली नांदवावयाच्या म्हटले, की यंत्राची शक्ती दोहोंत विभागली जाऊन ते मंदावेल, अशी जी भीती सुशिक्षितांच्याही मनात असते, तिला काडीचा आधार नाही. कारण संगणक सुरू करताना आपण जिची निवड करतो तीच एक प्रणाली चालते, प्रोसेसर आणि रॅम यांचा संपूर्ण ताबा तिच्याकडे जातो, आणि दुसरी डिस्कवर निद्रिस्त असते. वाटणी होते ती केवळ डिस्कची.

लिनक्स घातले की विंडोज पुसले जाते, हा समज मात्र सर्वस्वी खोटा म्हणवत नाही. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन आकसून मोकळी केलेली जागा लिनक्सला दिली, तर जुन्या दप्तरास सहसा धक्का लागत नाही. परंतु इन्स्टॉलर संपूर्ण डिस्क पुसण्याचाही पर्याय पुढे करतो, आणि तो न वाचता मंजूर करणाऱ्याची फिर्याद ऐकणारी कचेरी कोठेही नाही. म्हणून फायलींची प्रत बाह्य डिस्कवर, आणि विंडोजचे बिटलॉकर हे डिस्क-कूटलेखन चालू असल्यास त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर, अगोदरच उतरवून घ्यावी.

विंडोज आधी आणि लिनक्स मागाहून, हा दंडक बायॉस या जुन्या फर्मवेअरच्या अमदानीतला होय. त्या काळी डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांच्या सेक्टरात एकाच बूटलोडरची, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या आज्ञावलीची, सोय असे आणि मागाहून आलेले विंडोज तेथे बेमुर्वतपणे आपला कबजा सांगे. बायॉसची जागा घेतलेल्या यूईएफआयमध्ये प्रत्येक बूटलोडरास स्वतंत्र फोल्डर मिळत असल्याने आता फार तर अग्रक्रम बदलतो. सिक्युअर बूट लिनक्सला सुरूच होऊ देत नाही, हा बागुलबुवाही असाच: उबुंटू आणि फेडोरा यांचा आरंभीचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीचा असतो.

एका प्रणालीतून दुसरीत गेल्यावर घड्याळ चुकलेले दिसताच बॅटरी बदलून आणणारेही आढळतात. वास्तविक विंडोज यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ नोंदवते, लिनक्स तेथे यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ ठेवते, आणि आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे, लिनक्सने लिहिलेले सकाळचे दहा विंडोज पहाटेचे साडेचार म्हणून वाचते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची एक आज्ञा दिली, की हा तंटा मिटतो.

शट डाउन केले म्हणजे विंडोज पूर्ण बंद झाले, असेही समजू नये: फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल, तर त्याचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा गोठवून ठेवलेला असतो, आणि अशा स्थितीत लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिणे म्हणजे मजकूर बिघडण्यास निमंत्रण. दुसरी प्रणाली घालण्यापूर्वी वाचकांनी ती सोय बंद करावी.